मामींचा वरचा मजला

मामींच्या वरच्या मजल्याला अजून रंग लागलेला नाही, पण त्याचं भाडं साऱ्या गल्लीनं ठरवून टाकलंय. किराणा दुकानात ते पाच हजार असतं, पिठाच्या गिरणीवर सहा होतं आणि मल्लिनाथाच्या मंदिराकडं जाणाऱ्या रस्त्यावर कुणी चहाला थांबलं की सातावर जातं. मामींनी स्वतः कुणालाच आकडा सांगितलेला नाही. काल सकाळी त्या शेवग्याच्या शेंगा काढायला म्हणून भिंतीशी आल्या, दोन शेंगा काढल्या आणि आकडी तशीच हातात धरून म्हणाल्या,

“बाई, तुमचा सगळा जन्म भाड्याच्या घरात गेला ना ओ?”

अशी सुरुवात झाली की मामींना काहीतरी हवं असतं. आणि म्हणाल्या ते खोटं नाही. बदलीची नोकरी. सेनगाव, कळमनुरी, हिंगोली, नांदेड असं करत मी आयुष्यभर दुसऱ्याच्या भिंतींत परवानगी काढून खिळे ठोकले. निवृत्त झाले तेव्हा कुठं शिरडात चार भिंती स्वतःच्या झाल्या. घरमालकांचे जेवढे नमुने मी पाहिले तेवढे एखाद्या दलालानंही पाहिले नसतील.

“गेला की. का बरं?”

“मंग सांगा, वरच्या खोल्याचं किती घ्यावं? दोन खोल्या, किचन, संडास-बाथरूम आतमधीच. फरशी बी चांगली टाकलीय. लोक म्हणायलेत सात घ्या. लिगोचे साहेब येणार हायत म्हणं.”

हे लिगो आमच्या तालुक्याला दहा वर्षांपासून लागलंय. तिकडं अमेरिकेत गुरुत्वीय लहरी सापडल्याचं फेब्रुवारी २०१६ मध्ये जाहीर झालं आणि आठवड्याभरात आपल्या केंद्र सरकारनं इथल्या प्रयोगशाळेला तत्त्वतः होकार दिला. जागा ठरली औंढा नागनाथ तालुक्यात. पुढं एप्रिल २०२३ मध्ये २,६०० कोटी रुपये मंजूर झाले. चार-चार किलोमीटरच्या दोन नळ्या काटकोनात, आणि त्यात लेझरचा किरण. तेव्हापासून आमच्याकडं जी वीट रचली जाते ती शास्त्रज्ञासाठीच. गंमत अशी, की या जागेची निवडच मुळी इथली जमीन शांत आहे, हादरे-गडबड कमी आहे म्हणून झाली. आणि आम्ही मात्र इथं माणसांची झुंबड उडणार असं धरून कॉलम वर काढतोय.

“मामी, साहेब आले तर पोरांची शाळा बघतील का तुमची फरशी? हिंगोलीत नाहीतर नांदेडात राहतील. आणि एवढ्या मोठ्या सरकारी कामाला बहुतेक स्वतःची वसाहत असते.”

“हिंगोलीला तर मेडिकल कॉलेज बी झालंय ना ओ.”

“झालं की. २०२४ ला. वर्षाला शंभर पोरं. तिथल्या घरमालकांना बरे दिवस येतील. पण तिथं शिकणारं पोरगं शिरडात खोली कशाला घेईल?”

मामींनी शेंगेचं टोक मोडलं. पटलं नसलं की त्या असंच काहीतरी मोडतात.

तेवढ्यात मागच्या बाजूच्या भाभी शिलाईचं काम टाकून आल्या. त्यांच्या मशिनीचा आवाज थांबला की समजावं, इकडचं बोलणं तिकडं नीट ऐकू जात नाहीये.

“मामी, गावात कुणाकुणाच्या खोल्या रिकाम्या हायत ते मोजा आधी,” भाभी म्हणाल्या. “गिरणीवाल्याच्या वर दोन, सोसायटीच्या मागं नवीन बांधल्यात त्या, बसस्टँडकडं तर कितीतरी.”

भाभींचं म्हणणं अगदी वर्मावर होतं. २०२३ मध्ये वसमतच्या मोंढ्यात हळदीनं उसळी घेतली. ज्यांच्या घरात माल होता त्यांनी तो विकला, काहींनी ट्रॅक्टर घेतला आणि बाकीच्यांनी मजला चढवला. मामीही त्यातल्याच. पैसा सगळ्यांकडं एकदम आला, तसे मजलेही एकदमच चढले. भाड्यानं राहणारी माणसं मात्र होती तेवढीच राहिली: शाळेतले दोन-चार, बँकेतला एखादा, दवाखान्यातली सिस्टर, लाइनमन, कुठल्या तरी रस्त्याच्या कामावरचा सुपरवायझर. हळदीला भाव आला म्हणून गावात मास्तर वाढत नाहीत.

“मंग किती म्हणता तुम्ही?” मामी.

“साडेतीन.”

“साडेतीन!” मामींची आकडी खाली पडली. “अवं, सिमेंटचा भाव काय होता ठाऊक हाय का तुम्हाला?”

ही घरमालकांची जुनी खोड. भाडं ठरवताना ते स्वतःचा खर्च बघतात. येणाऱ्या माणसाला सिमेंटच्या भावाशी काय देणंघेणं? तो शेजारच्या खोलीचं भाडं बघतो आणि आपला पगार बघतो. मी मामींना तिथंच भिंतीवर बोटानं हिशेब घालून दाखवला. साडेतीन हजाराला खोली जूनमध्ये जाते असं धरा. तुम्ही पाच हजारासाठी अडून बसलात आणि खोली ऑगस्टअखेरपर्यंत पडून राहिली, तर तीन महिन्यांचे साडेदहा हजार गेले. नंतर कुणी पाच हजार देणारा भेटला, तर महिन्याला दीड हजार जास्त मिळतील. म्हणजे गेलेले साडेदहा हजार भरून यायलाच सात महिने. तोवर मार्च उजाडला. आणि पाच देणारा भेटेल याची हमी कोण देणार?

“अन् जूनच का म्हणायल्या?”

“कारण बदल्या उन्हाळ्यात होतात. शाळा जूनला उघडते. ज्याला खोली लागते तो मे-जूनमध्येच शोधतो. तो हंगाम हुकला की मग दिवाळीपर्यंत उंदीर राहतात खोलीत.”

शेतकऱ्याच्या घरातल्या बाईला हंगाम हुकणं म्हणजे काय हे वेगळं सांगावं लागत नाही. मामी गप्प झाल्या. पण भाभींना आता खरा विषय सापडला होता.

“मामी, ती सिस्टर आल्ती ना परवा खोली बघायला? काय झालं तिचं?”

मामी शेवग्याकडं बघायला लागल्या. झालं होतं असं, की दवाखान्यातली एक सिस्टर खोली बघायला आली. सरकारी नोकरी, पगार बँकेत, वयानं तिशीची. मामींनी तिला चहा दिला आणि चौकशी केली. चौकशी म्हणजे कशी? माहेर कुठलं, मालक काय करतात, मालक संग का नाहीत, लेकरं किती, लेकरं नाहीत तर कामून नाहीत, आडनाव काय, हे आडनाव तुमच्यात बी असतं का, सोमवार धरता का, घरी काय शिजतं, रात्रीची ड्युटी असली की किती वाजता येणार, सोडायला कोण येणार. ती पोर चहा अर्धा ठेवून गेली.

“आता विचारू नाही तर काय?” मामी म्हणाल्या. “खाली आमचं देवघर, वर कोण राहतंय ते कळाया नगं?”

“मागच्या घरमालकाचा नंबर घेतला का?”

“नाही.”

“तिथं भाडं वेळेवर देत होती का ते विचारलं?”

“ते कसं विचारावं ओ? बरं दिसतं का ते?”

घ्या. लेकरं का नाहीत हे विचारणं बरं दिसतं, आणि मागचं लाइटबिल भरलंय का हे विचारणं वाईट दिसतं! मी आयुष्यभर ज्या ज्या घरात राहिले तिथं तिथं माझं आडनाव, गाव आणि सासर विचारलं गेलं. नांदेडात तर एका काकूंनी माझ्या नणंदेचं सासरसुद्धा विचारून घेतलं होतं. पण तुमच्या आधीच्या घरमालकाला एक फोन करू का, असं मला कधीच कुणी विचारलं नाही. भाडं बुडवून जाणारा माणूस आडनावावरून ओळखता येत असता, तर कोर्टात एवढे दावे कशाला तुंबले असते?

भाभी एरवी अशा वेळी हसून विषय बदलतात. काल नाही बदलला.

“माझ्या पोराला नांदेडला खोली बघायला गेल्ते मागच्या जूनमधी. फोनवर सगळं ठरलं. भाडं ठरलं, डिपॉझिट ठरलं, सामान घेऊन या म्हणले. मंग नाव विचारलं. नाव सांगितलं, तर म्हणले, अरे, आमच्या भावानं ती खोली सकाळीच दुसऱ्याला दिली. सहा ठिकाणी सहा भाऊ निघाले बघा मामी, सगळ्यांनी सकाळीच दिली.”

मामींनी भिंतीवरून हात घालून भाभींच्या ओढणीला लागलेलं दोऱ्याचं टोक काढलं. बोलल्या काही नाहीत. माझं स्पष्ट मत सांगते. घर तुमचं, कुणाला द्यायचं हा हक्क तुमचा, हे मान्य. पण आडनावाची चाळणी लावली की गिऱ्हाईक आधीच निम्मं होतं. उरलेल्या निम्म्यात पुन्हा एकटी बाई नको, एकटा पोरगा नको, अंडी नकोत. शेवटी हातात राहतो तो गोड बोलणारा जावई-टाईप माणूस. आणि माझा अनुभव असा, की चार महिन्यांचं भाडं थकवून रात्री टेंपो लावतो तो हाच.

“ते जाऊ द्या,” मामी म्हणाल्या. मामींच्या तोंडून ‘ते जाऊ द्या’ आलं म्हणजे मनाला लागलंय. “मीटरचं काय करू? खालच्याच मीटरवर वरची वायर टाकलीय. बिल निम्मं-निम्मं.”

या निम्म्या-निम्म्यानं महाराष्ट्रात किती भांडणं लावली याची गणती कुणी केली तर भाऊबंदकीच्या खालोखाल नंबर लागेल. महावितरणचा घरगुती दर टप्प्याटप्प्यानं चढतो. शंभर युनिटपर्यंत एक दर, तिथून तीनशेपर्यंत बराच वरचा, त्यापुढं आणखी वरचा. दोन कुटुंबं एकाच मीटरवर आली की दोघांची वीज मिळून वरच्या टप्प्यात जाते. वेगळ्या मीटरवर ज्याचं बिल स्वस्तात निघालं असतं त्याला महागाचं भरावं लागतं. मग वरच्या बाईला वाटतं खालच्यांचा कूलर चोवीस तास चालतो, आणि खालच्यांना वाटतं वरची सारखी इस्त्री करते. खर्च झाला तरी वरच्या मजल्याला वेगळं मीटर घ्या. तोवर निदान सबमीटर बसवा आणि दर महिन्याच्या एक तारखेला आकड्याचा मोबाईलवर फोटो काढून दोघांनी ठेवा.

“अन् पाणी?”

पाण्याचं विचारलं म्हणून मला बरं वाटलं, कारण मराठवाड्यात भाडं फरशीला मिळतच नाही, ते पाण्याला मिळतं. चकचकीत टाइल्सची खोली आणि एप्रिलमध्ये आटणारं बोअर यापेक्षा साध्या कोब्याची आणि बारमाही पाण्याची खोली कधीही आधी जाते. २०१६ चा उन्हाळा आठवा. लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं. घरमालकानं कितीही देवासारखं वागायचं ठरवलं तरी त्या साली लातुरात पाण्याशिवाय खोली घेऊन कुणी काय करणार होतं?

“तुमचं बोअर मेमध्ये टिकतं का?”

“मागल्या साली टिकलं. त्याच्या मागल्या साली मधीच बोंबललं.”

“मग तसं सांगून टाका. टँकर आला तर खर्च कसा वाटायचा तेही आधीच ठरवा. भाडेकरू पाणी कमी आहे म्हणून सोडून जात नाही हो. पाणी आहे म्हणून सांगितलं आणि नव्हतं, म्हणून जातो.”

शिरडातल्या वरच्या मजल्याचं एवढ्यावर भागलं असतं. पण मामींचा खरा घोर वेगळाच होता, तो हळूहळू बाहेर आला. लेकानं नांदेडला फ्लॅट घेतलाय. बत्तीस लाखांचा, त्यात पंचवीस लाखांचं कर्ज. स्वतः कामाला पुण्यात. फ्लॅट रिकामा.

“भाड्यातून हप्ता निघंल म्हणला होता बिल्डर.”

बिल्डर असं म्हणतोच, तो त्याचा धर्म आहे. साडेआठ टक्क्यांनं वीस वर्षांसाठी पंचवीस लाख घेतले तर हप्ता बसतो एकवीस-बावीस हजार. त्या फ्लॅटला भाडं येईल आठ. वर्षाचे शहाण्णव हजार, म्हणजे गुंतवलेल्या पैशावर तीन टक्के. भारतातल्या बहुतेक शहरांत राहत्या घराचं भाडं एवढंच पडतं, दोन ते साडेतीन टक्क्यांच्या मध्ये. नांदेड त्याला अपवाद नाही. पुण्यात २०२२ मध्ये कंपन्यांनी माणसं ऑफिसात परत बोलावली तशी वाकड, हिंजवडी, खराडीकडं भाडी एकदम चढली. पण तिथं फ्लॅटच्या किमतीही तशाच, त्यामुळं टक्का फारसा हलला नाही. भाड्यातून हप्ता निघत नसतो, मामी. भाड्यातून हप्त्याचा एक पाय निघतो.

“म्हणून तर रिकामा ठेवलाय. भाडेकरू घुसला अन् निघालाच नाही तर?”

आता ही भीती फक्त मामींची नाही. १९६१ साली देशातल्या शहरांत निम्म्याहून जास्त कुटुंबं भाड्यानं राहत होती. २०११ च्या जनगणनेत ती सत्तावीस टक्क्यांच्या आसपास आली, आणि त्याच जनगणनेत शहरांतली एक कोटी दहा लाखांवर घरं कुलूप लावून रिकामी सापडली.

“एक कोटी? मालक येडे हायत का?”

“तुमच्या लेकासारखेच आहेत.”

भीतीला कारण आहे, हे मीही नाकारत नाही. मुंबईत १९४७ च्या भाडे कायद्यानं भाडी गोठवली, आणि गिरगाव-लालबागच्या चाळींत पिढ्यान्पिढ्या पन्नास-शंभर रुपयांत लोक राहिले. मालकानं गिलावा करणं सोडलं, कारण भाड्यात गिलाव्याचं पाणीही येत नव्हतं. शेवटी १९९७ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं की भाडं असं कायमचं गोठवून ठेवणं वाजवी नाही. आपल्याकडं मराठवाड्यात तेव्हा हैदराबादचा १९५४ चा कायदा चालायचा, विदर्भात तिसराच. ते तिन्ही मोडून महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ आला आणि ३१ मार्च २००० पासून लागू झाला. व्हॉट्सअ‍ॅपवर मधूनमधून नवा देशव्यापी भाडे कायदा आल्याचे मेसेज फिरतात. केंद्रानं २०२१ मध्ये एक नमुना कायदा काढला हे खरं, पण तो राज्यांनी आपापला करायचा असतो. आपल्याकडं आजही १९९९ चाच धरायचा.

आणि त्या कायद्यात घरमालकाच्या उपयोगाचं कलम आहे ते पंचावन्नावं. त्याच्याकडं कुणी बघतच नाही. आमच्याच गल्लीतल्या एकांचं सांगते, नाव कशाला घेऊ. त्यांचा एका शहरात फ्लॅट. नात्यातल्या नात्यात, ओळखीनं दिला. कागद म्हणून शंभराच्या बॉण्डवर दोन ओळी, नोटरीचा शिक्का. अकरा महिन्यांनी भाडं वाढवा म्हणाले, तर भाडेकरू म्हणाला, आपलं तर पाच वर्षांचं बोलणं झालं होतं. आता कुणाचं खरं? कलम पंचावन्न सांगतं, भाड्याचा कागद लेखी हवा आणि नोंदणी केलेला हवा, आणि तो करून घ्यायची जबाबदारी घरमालकाची. नोंदणी नसेल, तर अटी काय होत्या याबद्दल भाडेकरू सांगेल ते खरं धरलं जातं, उलटं सिद्ध होईपर्यंत. वर घरमालकाला तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. म्हणजे नोंदणीचे पैसे वाचवायला गेलेला माणूस स्वतःची जीभ कापून भाडेकरूच्या हातात देतो.

“अन् लई खर्च येत आसंल ना ओ त्याला?”

“हिशेब करा. आठ हजार भाडं, अकरा महिने, झाले अठ्ठ्याऐंशी हजार. चोवीस हजार डिपॉझिट धरा, त्यावर दहा टक्क्यांनं व्याज पकडतात, ते बावीसशे. नव्वद हजार दोनशेवर पाव टक्का मुद्रांक. सव्वादोनशे रुपये! शहरात नोंदणी फी हजार, ग्रामपंचायतीच्या हद्दीत पाचशे. ऑनलाइन होतं, थम लावायला एजंट घरी येतो, त्याचे पैसे वेगळे. लेक पुण्यात बसून सही करंल.”

“बस्स? मुद्रांक सव्वादोनशे?”

“बस्स.”

मामींच्या चेहऱ्यावर सिमेंटचे पैसे परत मिळाल्यासारखा आनंद दिसला. मग मी त्यांना पुढचंही सांगितलं. हा कागद ‘लिव्ह अँड लायसन्स’चा करायचा. तो साठ महिन्यांपर्यंत होतो. मुदत संपूनही माणूस निघाला नाही, तर कलम चोवीसप्रमाणं सक्षम अधिकाऱ्याकडं अर्ज करता येतो आणि त्या काळाची भरपाई दुप्पट दरानं मागता येते. पण हे सगळं नोंदणी असेल तरच नीट चालतं. आणि एक गोष्ट कितीही राग आला तरी करायची नाही: लाइट तोडायची नाही, पाणी बंद करायचं नाही. त्याच कायद्यानं ते घरमालकाला मना केलंय. जे भांडण तुम्ही जिंकत आला होता ते त्या एका वायरीपायी हरता. पोलिसांना भाडेकरूची माहिती द्यायची, ती महाराष्ट्र पोलिसांच्या संकेतस्थळावर भरता येते. भाड्याच्या उत्पन्नातून नगरपालिकेची घरपट्टी वजा जाते, उरलेल्यावर सरसकट तीस टक्के सूट मिळते, मग उरेल त्यावर कर. पावत्या जपल्या नाहीत तरी ते तीस टक्के मिळतात, म्हणून आळशी माणसाला हे उत्पन्न बरं.

“फ्लॅट कोणत्या भागात?” भाभींनी विचारलं.

“भाग्यनगरच्या जवळ.”

“अय्यो मामी! मंग फॅमिली कशाला बघता? कॉट बेसिसवर द्या ना. क्लासची पोरं. खोलीत तीन-तीन कॉट.”

भाभींना हे ठाऊक, कारण पोरगं शेवटी तिथंच एका कॉटवर राहिलं. नांदेडचं भाड्याचं कॅलेंडर सगळं नीटच्या परीक्षेवर चालतं. अकरावीचे प्रवेश आणि रिपीटरच्या बॅचेस जून-जुलैत सुरू होतात तेव्हा भाग्यनगर-श्यामनगरकडं एकेका कॉटसाठी आई-बाप उन्हात फिरतात. मेच्या सुरुवातीला परीक्षा झाली की आठवड्याभरात गाद्या खाली. जूनच्या मध्यावर सुरू केलेला अकरा महिन्यांचा करार मेच्या मध्यावर संपतो, परीक्षेनंतर बरोबर, आणि रंगरंगोटीला एक महिना उरतो. त्या व्यवहाराला अकरा महिने असे काही बसतात की जणू क्लासवाल्यांनीच शोधून काढलेत.

कॉटला पैसे जास्त येतात, हे खरं. पण मी मामींना ते करा म्हणाले नाही. तीन खोल्यांत नऊ पोरं म्हणजे नऊ आई-बापांचे फोन, नळाची चकती दर पंधरा दिवसांनी, आणि सोसायटीची कुरकुर. तिथं जाऊन रोज बघणारं कुणी असेल तरच तो धंदा. मामी शिरडात, लेक पुण्यात. त्यापेक्षा मेडिकलला किंवा विद्यापीठात नोकरी करणारं एखादं कुटुंब बघावं आणि दरवर्षी थोडं थोडं वाढवावं. सोसायटीनं मालक राहत नाही म्हणून जादा पैसे मागितले तर सेवाशुल्काच्या दहा टक्क्यांच्या वर एक रुपया द्यायचा नाही. तसं सरकारचं १ ऑगस्ट २००१ चं परिपत्रकच आहे. हे वाक्य मामींनी माझ्याकडून दोनदा म्हणून घेतलं, लेकाला फोनवर सांगायचं म्हणून.

संध्याकाळी सिस्टर परत आली. भाभींनीच दवाखान्यात जाऊन निरोप दिला होता, हे मला नंतर कळलं. मामींनी तिला पुन्हा चहा ठेवला, या वेळी साखर जास्त. मी आणि भाभी आपापल्या भिंतींशी काहीतरी निवडत उभ्या. माझ्या ताटात निवडायला काही नव्हतंच.

“आधी कुठं राहत होता?” मामींनी विचारलं.

“वसमतला. तीन वर्षं.”

“त्यांचा नंबर द्या बरं.”

सिस्टरनं दिला. मामींनी लगेच, तिच्या समोरच, फोन लावला. पलीकडून कुण्या काकू बोलत होत्या आणि मामींचा ‘हाव… हाव… आसं का… अगं माय’ चालला होता. पंधरा मिनिटं. भाडं, बिल वगैरे पहिल्या दोन मिनिटांत उरकलं असावं, कारण पुढची तेरा मिनिटं वसमतच्या त्या काकूंच्या सुनेच्या बाळंतपणात गेली. फोन ठेवल्यावर मामी म्हणाल्या,

“भाडं पाच तारखेच्या आत देता म्हणं. चांगलं हाय. साडेतीन हजार.”

“तीन करा ना काकू.”

“साडेतीन. मीटर नवं घ्यायलेत तुमच्यासाठी.”

“बरं. साडेतीन.”

“कागद करायचा. नोंदणीचा. त्यात सगळं लिहायचं. गच्चीवर हळद वाळू घालायचा हक्क माझा. फेब्रुवारीपासून मेपर्यंत गच्ची माझी.”

“चालंल.”

“उन्हाळ्यात शेवया, पापड, कुरडया बी.”

“चालंल, काकू.”

“मोटार सकाळी मी लावणार.”

“हाव.”

“अन् इंजेक्शन घरी द्यावं लागंल. आमच्या मालकाला शुगर हाय.”

सिस्टरनं पहिल्यांदा कप खाली ठेवला. “ते कागदावर लिहू नका,” ती म्हणाली, “ते मी असंच देईन. पण मंग मोटार एक दिवसाआड मी लावणार.”

मामींनी आमच्या भिंतीकडं बघितलं. भाभी तिकडून म्हणाल्या, “घ्या मामी, घ्या. कलम पंचावन्नमधी बसतंय ते.”